माई तारिसाईंची कळलावी

"चार वाजेपर्यंत कुंडी आणा, नाहीतर खोली खाली करा, असं म्हणाल्या माई!" म्हातारा माळी एनॉक गुप्तहेराच्या दारात धापा टाकत होता. "बावीस वर्षं राहतोय हो त्या बागेत. आता या वयात कुठे जाऊ?"

हरारेच्या त्या हिरव्यागार वस्तीत आज बागांची स्पर्धा होती, आणि माई तारिसाईंची पिवळी कळलावी कुंडीसकट गायब झाली होती. खासगी गुप्तहेर गोरेडेमाने हॅट उचलली. त्याचा सोबती लव्हमोर भाजलेलं कणीस हातात घेऊनच निघाला.

"फाटकाला कुलूप होतं," एनॉक वाटेत म्हणाला. "किल्ल्या दोनच. माझ्याकडे आणि माईंकडे."

कुंडीच्या जागी मातीचा गोल डाग होता. भोवती पांढरे दाणे सांडलेले.

"खत?" गोरेडेमाने विचारलं.

"मी नाही घातलं! कंद जळतो त्याने. माईंनाही दहादा सांगितलंय."

मागच्या ओसरीवर माईंच्या सासूबाई, साऱ्यांच्या आंबुया म्हणजे आजी, शेंगा सोलत होत्या. त्यांची दृष्टी गेली होती. गोरेडेमाने तिथल्या पुरुषांच्या रीतीप्रमाणे तळवे सपाट जुळवून नमस्काराच्या टाळ्या वाजवल्या.

"ये बाबा," आंबुया म्हणाल्या. "सकाळी दहाला कुणीतरी आलं होतं. टाळ्या वाजल्या, पण अशा नाही. पोकळ, बायका ओंजळीने वाजवतात तशा. आणि पार खालून, माझ्या पायांपाशी. 'कोण गं?' म्हटलं, तर हूं नाही की चूं नाही!"

गोरेडेमाने खाली पाहिलं. त्यांच्या पायांपाशीही मातीचा तसाच गोल डाग होता.

"त्यांना दिवसभर काहीबाही ऐकू येतं," माई तारिसाई दारातून फणकारल्या. "मी अकरापर्यंत चर्चमध्ये होते. चोर तुमच्याशेजारीच उभा आहे!"

लव्हमोर कुजबुजला, "शेजारीण माई रोपा! दरवर्षी दुसरा नंबर. कुंपणातून घुसली असणार."

माई रोपा कुबड्यांवर आल्या. पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. "मी चोरली? अहो, खाली पडलेला चमचा उचलायला नवऱ्याला हाक मारते मी!"

लव्हमोर पुन्हा कणीस कुरतडू लागला.

चारला दहा मिनिटं कमी असताना गोरेडेमाने सगळ्यांना ओसरीवर बोलावलं.

"चोर टाळ्या कशाला वाजवेल? सवयीने! ओंजळीने वाजवल्या, म्हणजे एनॉक नव्हे. खालून वाजल्या, म्हणजे गुडघे टेकून. माई रोपांचा गुडघा वाकत नाही. आवाज ओळखला जाईल म्हणून ती बाई गप्प राहिली. मग किल्ली बाळगणारी, आंबुयांसमोर गुडघे आपोआप टेकणारी बाई कोण?"

लव्हमोरच्या डोक्यात आत्ता कुठे प्रकाश पडला. "सून! सासूला नमस्कार करताना सून गुडघे टेकतेच!"

"खत तुम्हीच घातलंत, माई. कंद जळला, आणि बक्षीस आपलंच म्हणून साऱ्या गल्लीला सांगून बसला होतात. नाक कापलं जाऊ नये म्हणून चोरीचा बनाव केलात. चर्चमधून मधेच येऊन कुंडी मागच्या वाटेने नेताना सासूबाई समोर आल्या. कुंडी खाली ठेवलीत, गुडघे टेकलेत. हात आधी वाजले, भान नंतर आलं."

फाटकाबाहेर परीक्षकांची गाडी थांबली. माई तारिसाईंचा चेहरा पडला. त्या पुढे आल्या आणि सगळ्यांदेखत एनॉकसमोर गुडघ्यांवर बसल्या. माफी मागणाऱ्या ओंजळी वाजल्या.

"ह्याच त्या टाळ्या!" आंबुया ओरडल्या. "सूनबाई, तू?"

एनॉक पुरता गडबडला होता. आयुष्यात त्याच्यापुढे असं कुणी बसलं नव्हतं.

"उठा माई, उठा आधी," तो म्हणाला. "आणि कंद कुठे टाकलात ते सांगा. धुऊन लगेच लावला तर वाचेल अजून."