मावशीचा ट्रॅक्टर

फोन ठेवताच स्वरालीनं अशी काही हाक मारली की मीनाक्षीनं उलथनं तव्यावरच टाकलं आणि ती धावली.

"काय ग? कुणाचा होता?"

"हॉस्पिटलचा..." स्वराली म्हणाली. "किडनी मिळाली. मॅच आहे! दुपारच्या आत बर्मिंगहॅमला पोचायचं... नाहीतर लिस्टवरच्या नेक्स्ट पेशंटला देणार."

दोन वर्षं डायलिसिसच्या सुया सोसत ज्या फोनची वाट पाहिली तो अखेर आला! मीनाक्षीचं अंतःकरण भरून आलं... आणि दुसऱ्याच क्षणी तिची नजर खिडकीबाहेर गेली. रात्रभर हिवाळ्यातला पहिला बर्फ पडून अंगण, कुंपण, झुडपं सगळं एक झालं होतं. टेकडीवरच्या त्या एकट्या घरापासून खालच्या मोठ्या रस्त्यापर्यंतची वाट खाजगी, त्यामुळे कौन्सिल तिच्याकडे ढुंकूनही पाहत नसे. हॉस्पिटलची गाडी खालपर्यंतच येऊ शकणार होती. आणि जिना चढताना जिला मध्ये बसावं लागतं ती पोर गुडघाभर बर्फातून खाली उतरणार तरी कशी?

"मी ट्रॅक्टर काढते," मीनाक्षी म्हणाली.

"तुम्ही? ती जुनी ट्रॅक्टर? प्लीज मावशी, ती चालणार नाही."

माणसं ट्रॅक्टर घेतात ते शेत असतं म्हणून; स्वरालीच्या वडिलांनी, कमलाकरनं, तो घेतला दाराशी उतार होता म्हणून. जुना, हायड्रोस्टॅटिक. गिअर बदलायची कटकट नाही, तेलाच्या दाबावर चाकं फिरतात, एका पायाखाली पुढे नि मागे. कमलाकर गेला आणि उन्हाळ्यातलं गवत, हिवाळ्यातला बर्फ, दोन्ही मीनाक्षीच्या वाट्याला आलं. पातळ वर खोचून, खाली थर्मल आणि गमबूट घालून साठीची बाई त्यावर बसली की खाली राहणारे गोरे शेजारी हात हलवायचे. घरातली स्वराली मात्र कधी हात हलवायची नाही.

त्याचं कारण जुनं होतं. मीनाक्षी ही स्वरालीची सख्खी मावशी. थोरली बहीण या परदेशात अकाली गेली, मागे पाच वर्षांची पोर राहिली, आणि वडीलधाऱ्यांनी आपल्याकडे ठरवतात तसं ठरवून टाकलं... धाकटीला मेहुण्याच्या गळ्यात बांधा, म्हणजे पोरीला परकी सावत्र आई यायला नको! धाकटीला काय हवंय हे विचारायची रीत कुठे होती? पोर वाढली ती एकच समज उराशी धरून, की मावशीनं आपल्या आईची जागा बळकावली. आजारपणामुळे ती या घरी परत आली, पण पाहुण्यानं राहावं तशी राहिली. मावशीनं डाळी भिजवून, पाणी फेकून, पथ्याचं रांधावं. तिनं "थँक यू" म्हणावं. त्या दोन शब्दांनी मीनाक्षीच्या काळजाला रोज एक चरा पडायचा!

गॅरेजमध्ये इंजिन लागलं. थंडीत त्याचं तेल काकवीसारखं घट्ट होतं, म्हणून ते थोडं तापू दिलं. मागे बागेतली ट्रॉली जोडून तिच्यात गोधडी अंथरली, स्वरालीला दुसऱ्या गोधडीत गुंडाळून बसवलं. पुढचं बर्फ ढकलायचं पातं खाली सोडलं, देवाचं नाव घेतलं आणि पेडल दाबलं.

इंजिन गुरगुरलं. चाकं हलली नाहीत.

पुन्हा दाबलं. पुढे नाही, मागे नाही!

"बघा, मी सांगितलं होतं..." स्वराली ट्रॉलीतूनच म्हणाली. "सोडून द्या. माझ्या नशिबातच नाही ते."

"गप्प बस!" इतक्या वर्षांत मीनाक्षी पहिल्यांदा तिच्यावर ओरडली. "नशीब म्हणे! कुणाचं तरी पोटचं गेलंय, तेव्हा तुला हे मिळतंय... आणि तू सोडून दे म्हणतेस?"

तिनं भिंतीला टेकवलेलं फावडं उचललं आणि दारातला बर्फ उपसायला घेतला. समोर तेवढा मोठा उतार, हातात एक फावडं! पाच-दहा वेळा उपसलं आणि पाठीत कळ आली. ती वाकली, दात आवळले, पुन्हा उपसू लागली.

"मावशी! थांब ग... थांब!" गोधडी ओढत स्वराली खाली उतरली, धापा टाकत आली आणि तिनं तिचा हात धरला. "मला माहीत आहे. बाबांनी जाताना मला सगळं सांगितलं. तुझं लग्न ठरलं होतं... तुला आवडायचा तो. माझ्यासाठी तू त्याला नाही म्हणालीस. इतके दिवस मला माहीत होतं, आणि मी बोलले नाही. आय वॉज सो अशेम्ड, मावशी... इतकी वर्षं मी तुला हेट केलं, मग सॉरी कसं म्हणायचं?"

मीनाक्षीच्या हातातलं फावडं गळून पडलं. जे तिनं स्वतःशीही कधी उच्चारलं नव्हतं, ते या पोरीला ठाऊक होतं!

"वेडे..." तिनं तिला छातीशी घेतलं. "मी काही गमावलं असं मला कधी वाटलंच नाही ग. तू होतीस ना!"

दोघींना हुंदके आवरेनात. तशाच त्या ट्रॅक्टरच्या मडगार्डला टेकल्या... आणि ट्रॅक्टर त्यांच्या भारानं हळूच पुढे सरकला.

स्वरालीनं डोळे पुसले. "ही अशी कशी हलली? त्या दिवशी आपण ढकलली तशीच..."

"कुठल्या दिवशी?"

"दसऱ्याच्या आधी. तू हळदीकुंकू लावलं ना!"

खंडेनवमी! त्या दिवशी अवजाराला काम सांगायचं नसतं, त्याची पूजा करायची. मग इंजिन कसं लावणार? म्हणून स्वरालीनं स्टिअरिंग धरून आणि मीनाक्षीनं मागून जोर लावून तो अंगणात ढकलत नेला होता. मागची छोटी दांडी ओढली की तेलाचा दाब सुटतो आणि चाकं मोकळी होतात. पूजा झाली, तसाच ढकलत आत आणला, आरती झाली, प्रसाद झाला, आणि दांडी ओढलेली ती ओढलेलीच राहिली. मीनाक्षीनं कपाळावर हात मारला. देवभक्ती अशी अंगाशी आली होती!

दांडी आत गेली. पेडल दाबताच ट्रॅक्टर दमदारपणे निघाला. पात्यापुढे बर्फाची लाट उलटत बाजूला पडू लागली, साखळ्या बांधलेली चाकं उतार धरून चालली, आणि मागे ट्रॉलीत चाळिशीची लेक दोन्ही हातांनी कडा धरून, रडत, हसत "सावकाश ग!" म्हणून ओरडत होती.

खाली हॉस्पिटलच्या गाडीचा ड्रायव्हर राज उभा होता. त्यानं तोंडावर हात ठेवला. "आंटी, दॅट इज द बेस्ट थिंग आय हॅव सीन ऑल विंटर!"

मीनाक्षी ट्रॅक्टर कडेला लावून परत वळणार, तोच स्वरालीनं गाडीचं दार धरून ठेवलं. "तू चल. मी एकटी नाही जाणार."

हॉस्पिटलमध्ये सगळं भराभर झालं. तपासण्या, सह्या, निळा गाऊन. ऑपरेशनला न्यायला माणसं आली तेव्हा स्वरालीनं मावशीचा गार, खरबरीत हात गालाशी धरला.

"मावशी, ज्यांचं माणूस गेलं, त्यांच्या घरी आज काय चाललं असेल ग? त्यांना मी थँक यू तरी कसं म्हणू?"

मीनाक्षीला थोरलीचा चेहरा आठवला. जी गेली म्हणून ही लेक आपल्याला मिळाली, तिचे आभार तरी कधी कुठल्या शब्दांत मानता आले होते? तिनं स्वरालीच्या केसांवरून हात फिरवला.

"म्हणून होत नाही ग ते," ती म्हणाली. "त्यांनी दिलेलं जपायचं. जन्मभर जपायचं. ताईनं दिलेलं मी जपलं ना... तसं."

स्ट्रेचर हललं तरी स्वरालीनं हात सोडला नाही, म्हणून मीनाक्षी दारापर्यंत तिच्याबरोबर चालत गेली.