वाढलेला हापसा

"हापसा वाढलाय," टिल्लू म्हणाला.

"हापसा म्हणजे काय भोपळा आहे?" वकीलने विचारलं. टिल्लूच्या या चुलतभावाला घरात सगळे वकीलच म्हणायचे, कारण तो जेवणाच्या ताटावरही वाद घालायचा.

पण टिल्लूचं खरं होतं. गेल्या सुट्टीत चवड्यांवर उभं राहून तो दांड्याला लोंबकळायचा. यंदा तो दोन बोटं वाढला होता आणि दांडा मात्र हाताला लागत नव्हता.

थोरली खाली वाकली. ती टिल्लूची बहीण, बारा वर्षांची. सिमेंटचा चौथरा खाली गेला होता आणि लोखंडी नळी त्यातून हातभर वर आली होती. गंजाच्या एका रेषेखाली ती कोरी दिसत होती. थोरलीला आश्चर्य वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. गेल्या वर्षी नदीतून चढलेलं भरतीचं पाणी बांधावरून आलं आणि त्यांचं घर गेलं. तेव्हापासून आई आणि ती दोघं भावंडं काकांकडे राहत होती, आणि थोरलीला कशाचंच काही वाटत नसे. नदी कोपली, असं सगळे म्हणाले. तिनंही ते मान्य केलं होतं.

काका गवंडी होते. त्यांनीच चौथरा बांधला होता.

"नळी तीनशे फूट खाली कठीण थरावर टेकलीय. ती कशाला हलेल?" ते म्हणाले.

"मग जमीन हलली," थोरली म्हणाली.

काकांनी वाकून गंजाची रेष पाहिली. "पुरातही पिण्याचं पाणी मिळावं म्हणून हापशाचं तोंड मी बांधाच्या माथ्याबरोबर घेतलं होतं. पातळी बघायच्या पाण्याच्या नळीनं मापून."

"ती नळी द्याल?" वकीलने विचारलं.

बांध पंधरा पावलांवर होता. पारदर्शक लांब नळीत पाणी भरलं की दोन्ही टोकांना ते एकाच पातळीवर राहतं. टिल्लूनं चौथऱ्यावर चढून हापशाच्या तोंडाशी पाणी जुळवलं. थोरली दुसरं टोक धरून बांधावर उभी राहिली. पाणी तिच्या पायांशी यायला हवं होतं. ते गुडघ्यांशी होतं; म्हणजे जमिनीबरोबर बांधही खचला होता.

पलीकडे बर्फाच्या कारखान्याचे पंप धडधडत होते. जमिनीखालचं पाणी ते रात्रंदिवस उपसत, आणि वरची माती खाली बसत जाई. त्याच्या शेजारची लव्हाळ्यांची दलदल बुजवून आता गोदाम झालं होतं.

मुलं सांगायला गेली, तेव्हा बांधाची देखभाल पाहणारे सरकारी साहेब खुर्चीतून उठले नाहीत. "बांधाची उंची कागदावर आहे. कागद काय खोटं बोलतो?"

वकील वाद घालणार, तोच थोरलीनं त्याला कोपर मारलं. "शाळेचा प्रकल्प आहे, साहेब. बांधावर नळीचं टोक धराल का? हापशाचं तोंड बांधाच्या माथ्याबरोबर आहे का, ते मोठ्या माणसानं बघायला हवं."

प्रकल्प म्हटल्यावर साहेब खुशीत आले. बांधावर टोक धरून उभे राहिले आणि खाली पाहिलं. मग हापशाकडे पाहिलं. पुन्हा नळीकडे.

"हे कसं शक्य आहे?"

"साहेब, चार दिवसांनी अमावास्येची भरती आहे," थोरली सपाट आवाजात म्हणाली.

मग कागद बाजूला राहिले. साहेबांनी वरिष्ठांना फोन केले, कारखान्याचे पंप बंद करवले. सगळी वस्ती रेतीच्या गोण्या भरायला लागली. मुलांनीही चार दिवस गोण्यांची तोंडं शिवली. अमावास्येला दुपारी पाणी बांधाचा माथा ओलांडून गोण्यांच्या दुसऱ्या थरापर्यंत चढलं, तासभर तिथंच राहिलं, आणि उतरलं.

संध्याकाळी बांधावरच सगळे जमले. "या पोरांनी आमचे डोळे उघडले," साहेब म्हणाले. टाळ्या वाजल्या. काकांनी वकीलची पाठ थोपटली. टिल्लूला कुणीतरी खांद्यावर घेतलं.

"आता जमीन परत वर येईल?" थोरलीनं साहेबांना विचारलं.

"नाही. उपसा थांबला तर खचणं कमी होईल, एवढंच."

"आणि गेल्या वर्षी कुणी मोजलं असतं तर?"

साहेबांनी मान खाली घातली. "तर तुमचं घर वाचलं असतं. चूक माझीच, पोरी."

मागून आई आली. घराबद्दल वर्षभर ती एक शब्दही बोलली नव्हती. तिनं थोरलीकडे नीट पाहिलं.

"आनंद झाला ना गं?"

थोरलीनं मनात शोधून पाहिलं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "पण हात खूप दुखतायत, आई."

आई तिथेच गोणीवर बसली, तिचे दोन्ही हात मांडीवर घेतले आणि हळूहळू चोळायला लागली.