इंजिनरूममधला रिकामा पट्टा

"बाबांनी चुकीचं काम केलेलं नाही," फेरीबोटीच्या इंजिन-मिस्त्रीची मुलगी वहिनींच्या दारातूनच म्हणाली.

काल दुपारी फेरीबोटीच्या इंजिनरूमला आग लागली. उतारू पाण्यात उड्या टाकून वाचले. आग विझवायला आपोआप सुटणारी गॅसची बाटली सुटली, पण आग काही विझली नाही. बाटलीच छोटी बसवली, असं म्हणत मालकानं मिस्त्रीला कामावरून काढलं. मिस्त्री सांगत होते, बाटली सहा किलोची होती.

वहिनींची बावीस वर्षं जळक्या बोटी तपासण्यात गेली होती. आता त्या खासगी तपास करत. धाकटे दीर बॅटरी धरायला सोबत असत.

आग विझल्यापासून इंजिनरूमला अग्निशामक दलाचं सील होतं. जवानानं ते त्यांच्यासमोर काढलं.

काळ्या भिंतीवर बाटली धरणारे दोन पट्टे होते. खालच्यात बाटली होती. वरचा नुसत्या हवेभोवती आवळलेला.

"तापून बाटली घसरली असेल," दीर म्हणाले.

वहिनींनी वरच्या पट्ट्याच्या आतून बोट फिरवलं. बोट काजळीनं काळं झालं. मग त्यांनी खालचा पट्टा सोडला. त्याखाली बाटलीचा लाल रंग कोरा करकरीत. दाबाचा काटा आणि लेबल दोन्ही भिंतीकडे वळलेली होती. लेबलवर दोन किलो लिहिलं होतं.

बोट चालवणारा तांडेल धक्क्यावर भेटला. "धूर दिसला तसं मी इंजिन बंद केलं. गेल्या आठवड्यापासून मी आणि मिस्त्री रजेवर होतो, मी कालच परतलो, ते आज येणार होते. मालकांच्या नव्या बोटीची तपासणी होती, या इंजिनरूमची किल्लीही तेव्हा त्यांच्याकडेच होती."

"किल्ली परत घेतल्यावर यानं काही केलं नसेल कशावरून?" दीर कुजबुजले.

मालक ऑफिसात होता. "मी खाली कधी उतरत नाही, गुडघे साथ देत नाहीत. बाटली छोटी होती, एवढं जवानांनी वरून बघून सांगितलं. दोन किलोच्या बाटलीनं काय विझणार?"

संध्याकाळी वहिनींनी सगळ्यांना तिथेच बोलावलं.

"दोन पट्टे लांब बाटलीसाठी लावतात. वरचा आतून काळा, म्हणजे आगीच्या वेळी त्यात काही नव्हतं. छोटी बाटली आगीआधीच आली होती. शिवाय रोज काटा वाचणारा मिस्त्री तो भिंतीकडे कशाला वळवेल? हे घाईत काम करणाऱ्या नवख्याचं."

"मग तांडेल?" दीरांनी विचारलं.

"लेबल भिंतीकडे आणि दाराला सील. दोन किलो हा आकडा आम्ही वाचेपर्यंत ती बसवणाऱ्या एकालाच माहीत होता. मालक, तुम्हाला. आम्ही सांगण्याआधीच तुम्ही तो बोललात."

"नव्या बोटीबरोबर ही छोटीच आली होती," मालक म्हणाला. " तपासणीपुरती अदलाबदल केली, मोठी तिकडे, ही इकडे. परत बसवणारच होतो."

मुलीनं वडिलांकडे पाहिलं. पण मिस्त्रींचं लक्ष भलतीकडेच होतं.

"नवी बोट आत्ता कुठे आहे?"

"उतारू घेऊन गेलीय. तपासणीत पास आहे ती."

"तपासणाऱ्यांनी बाटलीची नुसती तारीख बघितली असेल. तिची इंजिनरूम मी मोजलीय, या बोटीच्या दुप्पट आहे. तिथे सहा किलोही पुरायची नाही."

मालक काहीतरी माफीचं बोलू लागला. "ते नंतर," मिस्त्री म्हणाले आणि त्याच्या टेबलावरचा वायरलेस उचलून बोटीला हाक देऊ लागले.