मीटरमधला दाराचा दिवा

नांदेडात माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे, पण स्टिअरिंगमागच्या मीटरची कामं मी घरीच करतो. डायलवर धुळीचा एक कण राहिला तरी मागून उजेड पडल्यावर तो डोळ्यात खुपतो, आणि आमच्या रस्त्यावर धुळीला काय तोटा. म्हणून घरात चादर अंथरायची, पंखा बंद करायचा, आणि दोन चमच्यांनी काटा अलगद उचलून काढायचा. चमचे गौसियाचे, माझ्या बायकोचे, आणि त्यावरून आमचं रोजचं भांडण. घरात आम्ही दखनी बोलतो, पण तुम्हाला मराठीतच सांगतो.

गेल्या हिवाळ्यात मी स्वतःच्याच गाडीचं मीटर उघडलं. निमित्त बाळाचं. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर गौसियाला दिवस गेले होते, आणि बाळंतपणाला ती माहेरी, इस्लापूरला गेली होती. परत आणताना गाडी जरा नटलेली असावी, असं माझ्या डोक्यात बसलं. उदगीरचा बसवराज मोडीत निघालेल्या गाड्यांचा माल विकतो. त्याच्याकडून वरच्या मॉडेलचं मीटर आणलं. ते कुणाच्या गाडीचं, हे विचारलं नाही. मोडीतला माल कुठून आला हे आमच्या धंद्यात कुणीच विचारत नाही.

हिरवे बल्ब काढून निळे एलईडी टाकले, डायल नवी छापून घेतली. त्या मीटरमध्ये दार उघडं राहिलं की लागणारा एक लाल दिवा होता. माझी गाडी साधी, तिच्या दारांना ती तारच नाही. म्हणून त्या दिव्याची जागा रिकामी ठेवली. बल्ब नाही, तार नाही, मागून काळी चिकटपट्टी. हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढचं ऐकून लोक मला वायरिंग शिकवायला लागतात.

गाडी दाखवायला म्हणून इस्लापूरला गेलो, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच गौसियाला कळा सुरू झाल्या. अजून महिना बाकी होता. डॉक्टरीण फोनवर म्हणाली, नांदेडला आणा, उशीर करू नका. तिला मागच्या सीटवर आडवी केली. सासूबाई पुढे माझ्याशेजारी तसबीहची माळ घेऊन बसल्या. मागे बॅग, उशा आणि गौसिया, आणखी कुणाला जागाच नव्हती.

उजाडलं होतं, पण धुकं असं की बॉनेटच्या पुढचं काही दिसेना. ओल्या मातीचा, कापसाच्या पऱ्हाट्या जाळल्याचा वास काचा बंद असूनही आत येत होता. मागून गौसियाचं कण्हणं, शेजारी मण्यांचा आवाज. पुढे एका पुलाचं खोदकाम चालू आहे आणि अलीकडूनच शेतातून वळायचं आहे, हे मला माहीत होतं. आदल्या दिवशी मी तिथूनच आलो होतो. पण घाई माणसाला आंधळं करते हो. वळण कधी मागे पडलं, कळलंच नाही.

आणि मीटरमध्ये तो लाल दिवा लागला.

बल्ब नाही, तार नाही, हे त्या क्षणी कुणाला आठवतं? दार उघडं आहे, गौसिया पडेल, एवढंच मनात आलं. मी करकचून ब्रेक दाबला. खाली उतरून मागचं दार ओढून पाहिलं. घट्ट लागलेलं होतं. दुसऱ्या बाजूचंही. तेवढ्यात पायाखालचा एक खडा पुढे घरंगळला आणि जरा वेळाने पाण्यात पडल्याचा आवाज आला.

दोन पावलं पुढे गेलो. रस्ता तिथेच संपत होता. खाली खोल खड्डा, त्यात उभे गज. वळणाचा फलक वाऱ्याने आडवा पडला होता. तिथेच रस्त्यावर डोकं टेकलं आणि अल्लाहचे आभार मानले.

दुपारी आमची तूबा जन्मली. एवढीशी, पण रडण्यात बापाला भारी. संध्याकाळी गौसिया दमलेल्या आवाजात म्हणाली, “अम्मी होत्या म्हणून लई बरं झालं बघा. रस्ताभर माझं डोकं मांडीवर घेऊन बसल्या.”

“अम्मी तर पुढं होत्या...”

“काहीतरीच! केसातून हात फिरवून राहिल्या होत्या. बांगड्या वाजत होत्या की.”

सासूबाई विधवा. त्यांच्या हातात बांगड्या नाहीत. गौसिया हळूच म्हणाली, “जे कोण असंल, भलं होवो त्यांचं.”

घरी येऊन मीटर पुन्हा उघडलं. काळी पट्टी जागच्या जागी होती. तेव्हा मात्र मी धंद्याचा नियम मोडला आणि बसवराजला फोन करून विचारलं. तो म्हणाला, “चाकूरकडच्या हणमंतरावांची गाडी होती ती. म्हातारा एकटाच असतो.”

पेढे घेऊन गेलो. हणमंतराव अंगणात बाजेवर बसले होते. सगळं सांगितलं. ते हसले नाहीत, मला वेड्यातही काढलं नाही. म्हणाले, “मागचं डावं दार नीट बसत नव्हतं गाडीचं. दिवा लागला की आमची कारभारीण विठाबाई मागून म्हणायची, थांबा हो, बघा जरा. त्या दिवशी माहूरला निघालो होतो. दिवा लागला. म्या म्हणलं, उगंच लागून राहिला, देवीला उशीर होतोय... घाटातल्या वळणावर दार उघडलं, आन् ती गेली.”

मी म्हटलं, “काका, मीटर काढून तुम्हाला आणून देतो. तुमची अमानत आहे ती.”

“न्हाई.” त्यांनी पेढा हातात तसाच धरला होता. “आम्हाला लेकरू न्हाई झालं. तुमच्या लेकीपाशी ऱ्हाऊ द्या तिला. एवढंच करा... दिवा लागला की थांबत जा.”

जाताना त्यांनी स्वतःचा नंबर माझ्या मोबाईलमध्ये घालायला लावला. तेव्हापासून गाडी सुरू करताना मी आधी त्या काळ्या जागेला सलाम करतो. गौसिया मागच्या सीटची डावी बाजू रिकामी ठेवते, तिथे पिशवीसुद्धा ठेवू देत नाही. तुम्ही हसाल. खुशाल हसा. माझी लेक माझ्या डोळ्यांपुढे रांगते आहे, ते विठाबाईंच्या मेहेरबानीने.

परवा तूबाला आजीकडे घेऊन निघालो. टळटळीत दुपार, रस्ता कोरडा, कापूस वेचणाऱ्या बाया शेतात. पूल आता बांधून झाला आहे. त्याच्या जरा अलीकडे दिवा लागला.

मी लगेच थांबलो. पुढे पाहिलं. रस्ता दूरवर मोकळा. खाली उतरून पूल पाहिला, चाकं पाहिली, काही नाही. परत येऊन बसलो, तर दिवा लागलेलाच. आम्ही तसेच थांबलो. मग मागच्या दाराचा आवाज झाला, कुणीतरी बेताने ओढून घेतल्यासारखा. दिवा विझला.

वाटलं, उतरल्या. त्यांचं काम झालं. डोळे भरून आले, आणि मी मोठ्याने म्हणालो, “विठाबाई, तुमचे उपकार जन्मभर फिटायचे न्हाईत.”

“अहो...” मागून गौसियाचा आवाज आला, अगदी दबका. “त्या उतरल्या न्हाईत...”

मी आरशात पाहिलं. ती तूबाला छातीशी धरून उजव्या दाराला पार चिकटून बसली होती.

“अशी का बसलीस?”

“जागा केली...” ती म्हणाली. “आता दोघं हायत.”

हणमंतरावांचा नंबर माझ्याकडे आहे. दोन दिवस झाले, लावायची हिंमत होत नाही.