तीन बरण्या आणि साहेबांचे मासे

विज्ञानासाठी माणसाने आजवर थोर त्याग केले आहेत. चिमटीने जॅमच्या तीन बरण्यांचा त्याग केला. बरण्या मामीच्या होत्या आणि मामीला अजून पत्ता नव्हता.

सुट्टीत मामाकडे आली की चिमटी आणि तिचा मामेभाऊ ढोल्या दिवसभर घरामागच्या तळ्यात पडीक असत. आता त्याच तळ्यात कापड रंगवण्याच्या कारखान्याचं पाणी सोडायचं ठरलं होतं. रंग काढून शुद्ध केलेलं, असं कारखान्याचे साहेब म्हणत. पुरावा म्हणून त्यांनी फाटकाशी काचेची टाकी ठेवली होती. तिच्यात म्हणे हेच पाणी होतं, आणि मासे चांगले गुटगुटीत होते.

"मग झालं तर," ढोल्या म्हणाला.

"काही झालं नाही. कारखान्याचा पाइप ठिबकतोय तिथे एक तरी बेडूक दिसला का तुला?"

चिमटीने तळ्यातल्या पाणपिसवा गाळणीने पकडल्या. मोहरीहून बारीक, सारख्या टुणटुण उड्या मारणारे जीव. पाणी बिघडलं की आधी हेच आडवे होतात, असं शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं. गाळणीही मामीचीच. तिने एका बरणीत तळ्याचं पाणी घेतलं, दुसरीत पाइपाचं, तिसरीत टाकीतलं, आणि तिन्हींत पिसवा सोडल्या.

दुसऱ्या दिवशी नगराध्यक्षबाई पाइपाचा नळ उघडायला आल्या, तेव्हा चिमटी दोन बरण्या घेऊन पुढे झाली. तळ्याच्या बरणीत पिसवा नाचत होत्या. पाइपाच्या बरणीत सगळ्या तळाशी निपचित.

"बरणी धुतली नसेल," साहेब हसले. "जा बाळ, घरी जा."

"तळं आमच्या घरामागेच आहे. घरी जाऊन तरी काय करू?" चिमटी हलली नाही. "टाकीत आणि पाइपात पाणी एकच ना?"

"एकच! सगळ्यांसमोर सांगतो."

ढोल्याने पाठीमागून तिसरी बरणी काढली. "ही टाकीतली. काल कारखान्याच्या माळीकाकांसमोर भरली. यातल्या कशा नाचतायत मग?"

सगळे माळीकाकांकडे वळले.

"साहेब, तुमच्या पाण्यात मासे टिकेनात," काका म्हणाले. "मेलेला मासा दिसता कामा नये, असं तुम्हीच बजावलंत. मग मी विहिरीचं भरतो."

नळ उघडला नाही. पाण्यात पिसवा जगेपर्यंत उघडायचाही नाही, असं नगराध्यक्षबाईंनी जाहीर केलं. चिमटीची पाठ थोपटली गेली, मामाची मान ताठ झाली आणि मामीने आपल्या बरण्या ओळखल्या.

साहेबांनी जिवंत पिसवा टाळ्यांच्या गजरात, सन्मानपूर्वक, काचेच्या टाकीत सोडल्या.

माशांनी त्या खाल्ल्या.