लेवीमामांचे त्र्याऐंशी ठोके

घंटा वाजवणाऱ्या एस्तेरबाईंनी दोराला हात घातला, तशी सुरक्षा खात्यातली इंजिनियर केतकी त्यांच्यापुढे आडवी आली.

"मावशी, दोनच दिवस कळ काढा. परवा तपासणीची मुदत संपतेय. तोवर मनोरा हलला नाही, तर वाचला."

नव्या रस्त्याने अख्खं ख्रिस्तमंदिर गिळलं होतं. उरला तो एवढा घंटेचा मनोरा. त्याच्या भिंतींना बटणाएवढे कंपमापक चिकटवलेले. मनोरा प्रमाणाबाहेर डोलला की शहराचा कारभार चालवणारं नगरयंत्र तो पाडायचा हुकूम आपोआप सोडणार होतं. माणसाच्या सहीची भानगडच उरली नव्हती. अठ्ठावीस दिवस एस्तेरबाईंनी दोराला बोट लावलं नव्हतं. पण आज सकाळी लेवीमामा गेले. पन्नास वर्षं याच मनोऱ्याच्या भेगा चुन्याने भरणारा गवंडी. आणि माणूस गेला की त्याच्या वयाइतके ठोके द्यायचे, ही इथली रीत.

"मामांना मुक्यानं धाडू? तुझ्या बटणांना भिऊन? सरक बाजूला."

केतकी सरकली.

दहाव्या ठोक्याला कंपमापकांचे आकडे दाखवणारा तिच्या हातातला पडदा लाल झाला, विसाव्याला हुकूम सुटला. एस्तेरबाईंचे खांदे भरून आले, डोळे वाहत होते, आणि राग तर पोटात मावत नव्हता. त्र्याऐंशी पुरे करूनच त्या पायरीवर बसल्या. "बोलाव आता तुझी मशिनं."

केतकी पडद्यावरून नजर काढत नव्हती. "मावशी, डोलतोय खरा, पण दर ठोक्याला परत जागेवर येतोय. केसभरही सरकलेला नाही."

"चुना आहे तो. सिमेंटसारखा अडून बसत नाही. बारीक भेग तर पावसाचं पाणी पिऊन आपली आपण भरते. मामा सांगून थकले, ऐकतंय कोण?"

"यंत्राने फक्त सिमेंटच्या इमारती पाहिल्यात," केतकीचा आवाज उतरला. "डोलणं म्हणजे पडणं, असं आम्हीच शिकवलंय त्याला."

हुकुमाखाली हरकतीचा रकाना होता; तो भरला तर पाडकाम थांबणार होतं. आजवर तो कोणी भरला नव्हता, कारण नंतर इमारत पडली तर हरकत घेणाऱ्याला तुरुंग ठरलेला. केतकीने त्यात स्वतःचं नाव लिहिलं.

"माझंही लिही," एस्तेरबाई म्हणाल्या.

ठोके मोजत मोजत अंगणात माणसं जमली होती. शिंपी, रिक्षावाले, समोरचा चहावाला, हातातलं काम टाकून आलेले सगळे. एकेक जण दारात येऊन नाव सांगू लागला. केतकी लिहीत गेली, आणि तासाभराने थांबली.

"मावशी, यंत्र विचारतंय, ही सगळी जबाबदार माणसं का?"

"हो म्हण," एस्तेरबाई उठल्या. "आणि उलट विचार त्याला, एवढ्या सगळ्यांना पुरेल असा तुरुंग आहे का तुझ्याकडे?"