पाण्याचा माग सांगणारी भिंत

टाकीचौकातल्या त्या भिंतीने हणमंत चावीवाल्याला उबग आणला होता. वीस वर्षं तो भागाभागाच्या पाण्याचे व्हॉल्व्ह फिरवत होता. पाणी कधी येणार, यापलीकडे त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. आता जो तो विचारी, पाणी कुणाकडून येतंय?

धरण आटल्यापासून शहर आपलंच सांडपाणी शुद्ध करून पुन्हा पीत होतं. हे लोकांना डोळ्यांनी दिसावं म्हणून डॉ. मृण्मयी ढवळीकरांनी प्रत्येक भागाच्या गटारात 'मागकण' सोडले. मागकण म्हणजे पाण्याचा माग सांगणारे निरुपद्रवी, बेचव कण. शुद्धीकरणातूनही ते टिकत. टाकीचौकातल्या भिंतीवरचं चित्र हे कण ओळखी. आपला घरक्रमांक दाबला, की नळातलं पाणी आधी कुठल्या वस्तीतून फिरून आलं ते रंगीत रेघांनी उमटे. दिसायला मोठं देखणं. लोक पोराबाळांसकट फोटो काढत.

मग शांतीबन कॉलनीला आपल्या नळात खाणवस्तीची तांबडी रेघ दिसली. वस्तीचं पाणी आमच्यात नको, असा अर्ज गेला. तसं झालं तर वस्तीला फक्त वस्तीचंच पाणी उरणार, म्हणजे चार दिवसांतून एकदा नळ. हणमंतचं घर वस्तीतच होतं. अर्जावरच्या उद्याच्या सभेत ढवळीकर बाईंचा शब्द शेवटचा होता.

शुद्ध झालेल्या थेंबाला कसलीही आठवण उरत नाही, असं बाई त्याला परोपरीने समजावत होत्या.

"मग ती आठवण रंगवून भिंतीवर कशाला लावलीत?" हणमंत वैतागून म्हणाला.

"पाणी सगळ्यांचं एकच आहे, हे कळावं म्हणून."

"कळलं की. म्हणून तर वेगळं मागतायत."

बाई ओशाळल्या. उद्या आपण ठाम नकार देऊ, पण आधी वस्ती बघू, असं म्हणून त्या त्याच्यासोबत घरी आल्या. हणमंतला जरा धीर आला.

त्याची बायको पारू तांब्या-पेला घेऊन बाहेर आली. वस्तीच्या नळाचं पाणी भरलेल्या कोपऱ्यातल्या माठावरचं झाकण मात्र जागचं हललं नव्हतं.

"बिनघोर प्या बाई," पारू म्हणाली. "कॉलनीच्या नळावरून आणलंय."

हणमंतच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या नळातही वस्तीचीच तांबडी रेघ होती. त्याने बाईंकडे पाहिलं. आता बाईच पारूला समजावतील आणि माठातलं मागतील.

बाईंचा चेहरा मोकळा झाला. त्यांनी पेला एका दमात संपवला आणि आणखी अर्धा मागितला. उद्या सभेत काय होणार, ते हणमंतला तेव्हाच कळून चुकलं.